तेलाचा वास आणि विहिरीचे पाणी
कडुलिंब, गवती चहा, सिट्रोनेला यांच्या तेलांची महती सांगताना एक युक्तिवाद हमखास येतो: पूर्वीचे लोक असल्याच वनस्पतींच्या बळावर डासांना तोंड देत होते. संयुक्त अरब अमिरातींचा इतिहास याला दुजोरा देत नाही. ओमानमधल्या ढोफारचा लोबान अमिरातींतल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या धुमसत आला. सुगंधाची वाण कधीच नव्हती. तरीही हजर डोंगराच्या पायथ्याशी, फलज या पारंपरिक कालव्यांच्या पाटांवर पोसलेल्या खजुराच्या बागांच्या प्रदेशात हिवताप ठाण मांडून होता. तिथल्या मुख्य वाहकांपैकी एक म्हणजे अॅनोफेलिस स्टीफेन्सी, आपल्या मुंबईचाच डास. विहिरी आणि टाक्यांतल्या स्वच्छ पाण्यात तो अंडी घालतो. १९११मध्ये हिवतापाचे अभ्यासक डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ शोधले तेही विहिरींतच. अमिरातींनी १९७१नंतर हाच धागा पकडला: पाण्यातल्या अळ्या मारायच्या, रुग्ण हुडकून उपचार करायचे, बाहेरून ताप घेऊन येणाऱ्यांवर नजर ठेवायची. स्थानिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९९७मध्ये सापडला आणि २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त ठरवला.

मग तेल निरुपयोगी म्हणायचे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. खोबरेल तेलात २ टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून अंगाला लावले, तर अॅनोफेलिस डासांपासून १२ तास पूर्ण संरक्षण मिळते, असे भारतीय संशोधकांना १९९३मध्ये आढळले. पण २००२मध्ये अमेरिकेत एडिस डासांवर झालेल्या चाचणीत सोयाबीन तेलाचे मलम सरासरी ९४.६ मिनिटे टिकले, सिट्रोनेलाची उत्पादने २० मिनिटेही नाहीत, २३.८ टक्के डीट हे रासायनिक डासरोधक मात्र ३०१.५ मिनिटे. डास बदलला, तेल बदलले की हिशेबही बदलतो. ‘सगळ्या गावाने रोज तेल लावले असते तर?’ असेही कुणी विचारील. पण तेलाने डास मरत नाही, तो शेजारच्या उघड्या हाताकडे वळतो. टाकीतल्या अळ्यांना तर तेलाचा पत्ताही नसतो.

हिवताप गेला, तरी साचलेल्या पाण्याचा धोका उरलाच. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर अमिरातींत डेंग्यूच्या चिंतेने डोके वर काढले. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीतही वाढतो. दुबई-शारजातल्या मराठी घरांनी आवडीचे तेल जरूर लावावे; मात्र आधी बाल्कनीतली ती ताटली दर आठवड्याला रिकामी करून घासून ठेवावी.