कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि गावाचा शब्द

डोंगर राखायचा तर माणसाला त्यापासून दूर ठेवायचे, की माणसासकट तो राखायचा? हा वाद आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले, ते याच कारणासाठी. डोंगर आणि गायराने सरकारजमा झाली, आता कुणब्याने गुरे चारायची कुठे, असा त्यांचा सवाल होता.

युनेस्कोने १९७१ मध्ये 'माणूस आणि जीवावरण' हा कार्यक्रम सुरू केला, तो या प्रश्नाचे उत्तर शोधत. मध्यभागी कडक राखीव भाग, त्याभोवती मर्यादित वापराचा पट्टा आणि त्याही बाहेर शेती-वस्ती, अशी त्याची मांडणी. भारतातले असे पहिले क्षेत्र निलगिरीचे, १९८६ चे. महाराष्ट्रात मात्र असे एकही क्षेत्र नाही. पण त्यामागचा विचार एका लहानशा गावाने, युनेस्कोचे नावही न घेता, आपल्या शिवारात राबवला.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. गाव पर्जन्यछायेतले. पाऊस बेताचा, आणि जो पडे तो उघड्या डोंगरावरून मातीसकट वाहून जाई. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली रया घालवली. पोट भरायला माणसे दारूच्या भट्ट्या लावत. आता भट्टी म्हटली की सरपण आले, आणि सरपण म्हटले की कुऱ्हाड आली! दारूबंदी आणि झाडे राखणे या दोन गोष्टी वाटतात तितक्या लांबच्या नाहीत.

१९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. आधी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, मग पाण्याचे काम. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभे केलेले पाणलोटाचे काम त्यांनी पाहिले होते. गावचा पाझर तलाव गळका होता. गावकऱ्यांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आले. पुढे नालाबांध झाले, समतल चर झाले, झाडे लावली गेली.

पण नुसते चर खणून डोंगर हिरवा होत नाही. चराच्या कडेला आलेला कोंब पहिल्या पावसानंतर शेळीने खुडला की वर्षाची मेहनत गेली. म्हणून श्रमदान, नशाबंदी आणि नसबंदी यांच्याबरोबर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी आली. हीच ती पंचसूत्री. बंदी होती ती मोकाट चराईवर. गवत विळ्याने कापून आणा, जनावर दावणीला बांधून घाला. शेण घरीच साठू लागले, गोबरगॅसला उपयोगी पडले. दुधाचा धंदा वाढला. वापर थांबला नाही, वापराची रीत बदलली.

फुल्यांनी ज्या बंदीला विरोध केला ती आणि ही, दिसायला सारखीच. फरक आहे तो ती कोणी घातली यात. १९७९ मध्ये याच जिल्ह्यात आणि सोलापुरात माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे आणि शेते आली. लोकांना ते आपले वाटले नाही. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक तर आज तिथे जवळजवळ दिसेनासाच झाला आहे.

राळेगणची गोष्ट सगळीच गोड आहे असे नाही. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे अण्णांनीच सांगितले आहे. हे मला पटत नाही. गावाचा निर्णय आणि गावाचा धाक यांतली रेघ फार बारीक असते. दुसरे म्हणजे चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला शेत आहे तो गाय दावणीला बांधून दूध विकतो. ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही, त्याचे बँक खातेच ती बंदी गोठवते.

राज्य सरकारने १९९२ मध्ये राळेगणच्या नमुन्यावर आदर्श गाव योजना आणली. त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हे काम आणखी पुढे नेले. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, असा नियमही तिथल्या ग्रामसभेने केला. गवत मात्र तिथेही कापून नेता येते. डोंगरावर बंदी आहे ती मोकाट गुरांना.