त्सेयी : नवाहो वाटाड्या, स्थलनामे आणि एका दरीचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात चिनली नावाचे एक लहान गाव आहे. गावाच्या पूर्वेस तांबूस वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमधून एक दरी उघडते; नकाशांवर तिचे नाव ‘कॅन्यन द शे’ असे आढळते. कड्याच्या माथ्यावरील सडकेने प्रवाशास स्वतंत्रपणे फिरता येते. परंतु दरीच्या तळाशी जावयाचे असेल, तर अधिकृत नवाहो वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. ‘व्हाइट हाउस’ या प्राचीन अवशेषांकडे उतरणाऱ्या एका पायवाटेचा तेवढा अपवाद या नियमास दीर्घकाळ होता. प्रवाशाच्या दृष्टीने ही व्यवस्थेची एक साधी बाब होय. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. ही दरी कोणाची, तिच्यात कोणी शिरावे आणि तिची हकीकत कोणी सांगावी, या तीन प्रश्नांवरून जो दीर्घ झगडा झाला, त्याचे फलित या नियमात साठलेले आहे. वाटाड्या चालता चालता जी स्थलनामे उच्चारतो, ती त्या झगड्याचे एक महत्त्वाचे, पण पुष्कळदा दुर्लक्षिलेले साधन होत.

प्रथम दरीच्या नावाचाच विचार करू. नवाहो लोक स्वतःस ‘दिने’, म्हणजे ‘माणसे’, असे म्हणवितात. त्यांची भाषा अथाबास्कन कुलातील असून तिच्या भगिनीभाषा थेट कॅनडा व अलास्का येथे बोलल्या जातात. या भाषेत ‘त्से’ म्हणजे खडक आणि ‘यी’ म्हणजे आत. ‘त्सेयी’ म्हणजे खडकाच्या आतील जागा. स्पॅनिश लोकांनी हा शब्द ऐकला आणि आपल्या लेखनपद्धतीप्रमाणे दोन ‘ल’ घालून लिहिला, कारण स्पॅनिशमध्ये त्या जोडीचा उच्चार ‘य’च्या जवळ जातो. इ. स. १८४९ मध्ये अमेरिकन सैन्याबरोबर आलेल्या लेफ्टनंट सिम्प्सन याने आपल्या रोजनिशीत हा शब्द मूळचा इंडियन असल्याचे व त्याचा उच्चार ‘चे-ई’ असा असल्याचे नमूद केले होते. पुढे इंग्रजी भाषकांनी लेखन स्पॅनिश ठेवले, आणि उच्चार मात्र एखाद्या फ्रेंच शब्दासारखा ‘शे’ असा केला. परिणामी, ‘कॅन्यन द शे’ या नावाचा मूळ धातूंवरून अर्थ लावू गेल्यास ‘खडकाच्या आतील दरीची दरी’ असा होतो. एका शब्दावर तीन सत्तांचे थर चढले आणि खालचा मूळ अर्थ दिसेनासा झाला. वाटाड्या जेव्हा ‘त्सेयी’ असा उच्चार करतो, तेव्हा तो केवळ चूक दुरुस्त करीत नाही. हे थर तो बाजूस सारतो.

नवाहो स्थलनामांचा दुसरा विशेष असा की, त्यांतील पुष्कळशी नावे रचनेच्या दृष्टीने नामे नसून क्रियापदे आहेत. ‘चिनली’ हे गावाचे नाव मूळचे ‘चिनीली’. त्यातील ‘ली’ हा वाहण्याचा धातू, आणि ‘चि’ हा आडव्या दिशेने बाहेर पडण्याचा वाचक उपसर्ग. ‘प्रवाह बाहेर पडतो’ हे अख्खे वाक्यच गावाचे नाव झाले आहे. दरीच्या उत्तरेकडील शाखेच्या उगमाजवळ त्सेली हे गाव आहे. त्याच्या नावात तोच धातू असून ‘प्रवाह खडकात शिरतो’ असा त्याचा अर्थ होतो. एका टोकास पाणी खडकात शिरते, दुसऱ्या टोकास बाहेर पडते. ही दोन नावे एकत्र ठेवली म्हणजे खोऱ्याचा नकाशा कागदावाचून तयार होतो. ज्यांची उपजीविका वाळवंटातील ओढ्याकाठच्या मक्याच्या शेतांवर व मेंढ्यांवर अवलंबून होती, त्यांना असाच नकाशा उपयोगी होता.

परंतु सर्वच नावे पाण्याची नाहीत. उत्तरेकडील शाखेस ‘कॅन्यन देल मुएर्तो’, म्हणजे मृताची दरी, असे म्हणतात. हे नाव इ. स. १८८२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन याच्या संशोधकमंडळास तेथे प्राचीन दफने आढळली, तेव्हा पडले. याच शाखेच्या कड्यात उंचावर एक कपार आहे. जानेवारी १८०५ मध्ये लेफ्टनंट आंतोनियो नार्बोना याच्या स्पॅनिश तुकडीने तेथे आश्रय घेतलेल्या नवाहोंवर गोळीबार केला. नार्बोनाच्या वृत्तान्तात ११५ जण मारले गेल्याचे सांगितले असून त्यांपैकी ९० जणांस योद्धे म्हटले आहे. नवाहो परंपरा याच्या उलट सांगते : पुरुष दूर शिकारीस गेले होते आणि कपारीत होते ते मुख्यतः वृद्ध, स्त्रिया व मुले. इंग्रजीत या जागेस ‘कत्तलीची गुहा’ म्हणतात. नवाहो नावाचा अर्थ मात्र ‘दोघे खाली कोसळले’ असा आहे. कपारीवर प्रथम चढलेल्या सैनिकास एका स्त्रीने मिठी मारली आणि दोघे कड्यावरून खाली गेले, अशी त्यामागील हकीकत वाटाडे सांगतात.

येथे दोन साधनांचा विरोध आहे. एक लिखित व समकालीन. पण विजेत्याचे, आणि आपल्या वरिष्ठांस कामगिरी कळविण्यासाठी लिहिलेले. दुसरे मौखिक, पण एका जागेस खिळलेले. मौखिक परंपरेत आकडे टिकत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्या कपारीत स्त्रिया होत्या व त्यांनी प्रतिकार केला, एवढी साक्ष या नावाने दोन शतके सांभाळली आहे. वृत्तान्त दप्तरात राहतो. नाव मात्र त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकास पुन्हा उच्चारावे लागते. त्यामुळे अशा नावास जनतेच्या दप्तरातील कागद मानावयास हरकत नाही. त्याची छाननी इतर कागदांप्रमाणेच व्हावी. पण त्यास दप्तराबाहेर ठेवू नये.

इ. स. १८६३-६४ च्या मोहिमेने या दरीचे भवितव्य ठरविले. किट कार्सनच्या हुकमतीखालील सैन्याने नवाहोंची पिके व जनावरे यांचा नाश आरंभिला. जानेवारी १८६४ मध्ये कॅप्टन फायफरची तुकडी देल मुएर्तोमधून आरपार गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दरीतील हजारो पीचची झाडे तोडण्यात आली. दोन शाखांच्या परिसरातील एका उंच, एकाकी खडकावर सुमारे तीनशे नवाहो त्या हिवाळ्यात लपून राहिले आणि खाली सैनिक निजलेले असता रात्री दोर सोडून त्यांनी ओढ्याचे पाणी वर घेतले, अशी परंपरा आहे. बहुसंख्य लोकांस मात्र शरण जावे लागले. आठ हजारांहून अधिक नवाहोंना तीनशे मैलांहून दूर, न्यू मेक्सिकोतील बोस्के रेदोंदो येथे चालवीत नेण्यात आले. त्या छावणीस ते ‘ह्वेल्दी’ म्हणतात. किल्ला या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून तो बनला असावा असे मानतात. बंदिवासाच्या जागेस परकी शब्द आणि घरास आपला, ही वाटणी भाषेने केली आहे.

१ जून १८६८ च्या तहाने त्यांना परत येण्याची मुभा मिळाली. नवाहोंच्या वतीने बोलणाऱ्यांत प्रमुख असलेला बार्बोन्सितो हा याच दरीचा. तहाच्या दुसऱ्या कलमात राखीव प्रदेशाची सीमा रेखांशाने आखून दिली आहे. पण तेथेच एक अट घातली आहे की, दरीचे मुख सीमेच्या आत यावे व संपूर्ण दरी राखीव प्रदेशात समाविष्ट व्हावी. लेखनिकाने नाव ‘चिली’ असे लिहिले आहे. एका चुकीच्या अक्षररचनेतून का होईना, त्सेयीचे नाव तहाच्या कलमात शिरले, आणि पुढील सर्व हक्क या पायावर उभे राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी चिनली येथील व्यापारी ठाण्यांवर हौशी प्रवासी उतरू लागले. नवाहो जमातीच्या संमतीने १ एप्रिल १९३१ रोजी ही दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. तत्पूर्वी फेब्रुवारीत झालेल्या कायद्यात जमिनीवरील जमातीची मालकी अबाधित ठेवण्यात आली. शिवाय प्रवाशांस सवारीची जनावरे पुरविण्याचा अग्रहक्क जमातीस देण्यात आला. हे कलम किरकोळ वाटते. परंतु घोडा देणारा माणूस घोड्याबरोबर चालतो, आणि चालणारा बोलतो. वाटाड्याच्या हक्काचे कायद्यातील पहिले रूप म्हणून या घोड्याच्या कलमाकडे पाहणे योग्य होईल.

पुढील पायरी त्सेयीच्या वायव्येस, ॲरिझोना व यूटा यांच्या सीमेवरील ‘मॉन्युमेंट व्हॅली’त दिसते. तेथील प्रचंड सुळके ज्या पर्मियन वालुकाश्माचे आहेत, त्यास भूशास्त्रज्ञांनी या दरीवरूनच ‘द शे वालुकाश्म’ असे नाव दिले आहे. तेथील नवाहो नाव ‘त्से बी न्द्झिसगाई’ हेही ‘खडक’ व ‘आत’ याच पदांनी सुरू होते. खडकांच्या आतील पांढुरक्या जागा, असा त्याचा आशय. इंग्रजी नावे मात्र निराळ्या गोष्टी सांगतात. मेरिक व मिचेल हे चांदीच्या शोधात आलेले दोघे इ. स. १८८० मध्ये येथे मारले गेले. त्यांची नावे दोन सुळक्यांस मिळाली. इ. स. १९३९ च्या ‘स्टेजकोच’ या चित्रपटानंतर एका टोकास दिग्दर्शक जॉन फोर्डचे नाव पडले. इ. स. १९५८ मध्ये नवाहो जमात-मंडळाने ही भूमी स्वतःचे पहिले जमात-उद्यान म्हणून स्थापिली. संघराज्याने दिलेल्या अग्रहक्काच्या जागी आता जमातीचा स्वतःचा कायदा आला. सुमारे सतरा मैलांच्या ठराविक रस्त्यापलीकडे जावयाचे तर तेथेही वाटाड्या आवश्यक असतो.

पेज या गावाजवळील ‘अँटलोप कॅन्यन’ ही अरुंद घळ इ. स. १९९७ मध्ये जमात-उद्यान झाली; तीतही वाटाड्यावाचून प्रवेश नाही. तिच्या वरच्या भागाचे नाव ‘त्से बिघानीलीनी’, म्हणजे ‘खडकांतून पाणी वाहते ती जागा’. येथे पुन्हा तोच ‘ली’ धातू. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत घुसून ११ प्रवासी मरण पावले. नाव ठाऊक असल्याने लोंढा थांबत नाही. परंतु कोरड्या दिसणाऱ्या त्या वाळूच्या वाटेस नवाहो भाषेने पाण्याची वाट मानले होते, हे त्या नावावरून निर्विवाद ठरते.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फेरी ठराविक वेळेची असते आणि ती बहुधा इंग्रजीत चालते. नवाहो नाव एकदा उच्चारले जाते व त्याचा सारांश सांगितला जातो. क्रियापदातील दिशा व गती सारांशात गळून पडतात. शिवाय काही कथा केवळ हिवाळ्यात सांगावयाच्या, असा नवाहोंचा दंडक आहे. उन्हाळ्यातील प्रवाशास त्या मिळत नाहीत. अशा वेळी वाटाड्याचे मौन हे अज्ञान समजणे चुकीचे होईल. काय सांगावयाचे नाही, हेही तोच ठरवितो.

खरी चिंता निराळी आहे. रॉबर्ट यंग व विल्यम मॉर्गन यांनी इ. स. १९४३ पासून सिद्ध केलेल्या व्याकरण-कोशांमुळे या भाषेचे लेखन स्थिर झाले, आणि आजही तिचे भाषक दीड लाखांच्या आसपास मोजले जातात. पण लहान मुलांपैकी घरी केवळ इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण वाढत चालले आहे. वाटाड्या होण्याचा हक्क तह व कायदा यांनी सुरक्षित केला. ‘ली’ ऐकताच पाण्याची दिशा ओळखणारा कान कोणताही कायदा सुरक्षित करू शकत नाही. तो कान गेला, तर नावे पाठ केलेल्या ध्वनींसारखी उरतील, आणि ‘त्सेयी’ची गत ‘शे’सारखीच होईल.

नवाहोंनी इ. स. १९६८ मध्ये स्थापिलेले महाविद्यालय, जमातीने स्वतः चालविलेली अमेरिकेतील अशी पहिली संस्था, पुढे त्सेली येथे आले. तेथे नवाहो भाषा शिकविली जाते. जेथे प्रवाह खडकात शिरतो, त्या गावी जे शिकविले जाईल, त्यावर तो जेथे बाहेर पडतो तेथील वाटाडे उद्या काय सांगतील, हे अवलंबून राहील.