कुतच्या वेढ्यातली पत्रे आणि दख्खनी मुसलमान

त्र्यंबकेश्वरहून नाशिकमार्गे देवळालीला जाताना छावणी लागते. ब्रिटिश काळापासूनची ही छावणी आपण नेहमी पाहतो. पण इथल्या आसपासच्या जिल्ह्यांतून परमुलखात लढायला गेलेल्यांच्या मनात काय होते, हे कुणी फारसे विचारत नाही.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या फौजेचे नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नाव मराठा असले तरी या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत.

याच फौजेत कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली लष्करी डॉक्टर होते. ते आईला पत्रे लिहीत. जखमींचे हाल पाहून त्यांनी थेट राष्ट्राभिमानावरच बोट ठेवले: दुसऱ्याचा मुलूख बळकावायचा आणि त्याला देशप्रेम म्हणायचे, यातूनच हा रक्तपात होतो. राजाच्या गणवेशातला अधिकारी हे घरी लिहीत होता.

आपल्या मुसलमान शिपायांचा पेच आणखी अवघड होता. समोर खलिफाची फौज होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादचा फतवा निघाला होता. नोव्हेंबर १९१५ ची टेसिफोनची लढाई तर हजरत सलमान फारसी यांच्या मजारीच्या परिसरात झाली. तिथे गोळी चालवणे अनेकांना जड गेले.

पुढे ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराचा वेढा पडला. अन्न संपत आले, तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांनी ते नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, तरी बरेच जण बराच काळ उपाशी राहिले. तुर्कांची ‘आमच्याकडे या’ म्हणणारी पत्रके येतच होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली.

मुखर्जी १९१७ मध्ये तुर्कांच्या कैदेत रास-अल-ऐन इथे वारले. त्यांच्या आजी मोक्षदादेवींनी उतारवयात ती पत्रे जमवून ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक १९२८ मध्ये काढले. म्हणून त्यांचे मन आज आपल्याला वाचता येते.

दख्खनी शिपायाच्या घरी अशी लिहिती आजी क्वचितच होती. त्यामुळे त्याच्याविषयी दुसरेच बोलतात. कुणी त्याला इंग्रजांचा नोकर ठरवतो, कुणी त्याच्या निष्ठेवर शंका घेतो. खरे तर तो पोटासाठी गेला, ईमान सांभाळत राहिला आणि मराठा सोबत्यांबरोबर एकाच खंदकात उपाशी बसला. हा इतिहास आपल्या दोघांचा आहे.

तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत मोडीतले, उर्दूतले एखादे लष्करी पत्र असेल, पेन्शनचा कागद असेल, तर वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. त्याचा फोटो काढा, जाणकाराकडून वाचून घ्या. कुणी लिहिले, कुठून लिहिले, एवढे तरी घरातल्या पोरांना सांगा.