अप्पासाहेब भोसले : परागंदा राजा आणि त्याचे साक्षीदार

सीताबर्डीची टेकडी नागपूरकरांस नवी नाहीं. परंतु २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशीं तेथें ज्या राजाचें भवितव्य ठरलें, तो कसा होता असें विचारलें, तर दोन अगदीं विरुद्ध उत्तरें मिळतात. एक म्हणतो, भावाचा घात करून गादी बळकावणारा विश्वासघातकी. दुसरा म्हणतो, इंग्रजांचें जूं झुगारण्यास उठलेला स्वाभिमानी भोसला. आज अप्पासाहेब भोसल्यांची कथा सांगावयाची आहेच. पण त्याहून अधिक, ती आपणांस कोणीं सांगितली, हें पाहावयाचें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी घेऊं. दुसरे रघूजी मार्च १८१६ मध्यें वारले. पुत्र परसोजी शरीरानें व बुद्धीनें दुबळे, म्हणून कारभार चुलतबंधु अप्पासाहेबांकडे आला. त्यांनीं मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी बिछान्यांत मृत आढळले. अप्पासाहेब त्या वेळीं चांद्याकडे होते. गादी त्यांस मिळाली व कंपनीनें ती मान्य केली. नोव्हेंबरांत पेशव्यांकडून आलेलीं सेनासाहेबसुभ्याचीं वस्त्रें त्यांनीं स्वीकारलीं, युद्ध झालें, आणि अप्पासाहेब रेसिडेंट जेन्किन्सच्या स्वाधीन झाले. जानेवारींत कडक अटींवर गादी परत मिळाली. मार्च १८१८ मध्यें पुन्हा अटक झाली.

आतां खुनाचा आरोप. ज्या सरकारनें १८१७ सालीं या वारसास राजा मानलें, त्यालाच तो १८१८ सालीं खुनी ठरला. मधल्या काळांत काय घडलें? युद्ध घडलें, आणि जेन्किन्सनें जबाब गोळा केले. राजा कैदेंत आणि विजेता जबाब घेणारा, अशा वेळीं कोणता सेवक काय बोलेल, हें सांगावयास नको. मात्र यावरून आरोप खोटा ठरत नाहीं. परसोजींचा मृत्यु अप्पासाहेबांस जितका सोयीचा होता, तितकाच पुढें हा आरोपहि इंग्रजांस सोयीचा झाला. सोय म्हणजे पुरावा नव्हे. हा नियम दोन्ही पक्षांस सारखाच लावला पाहिजे.

कोणी म्हणेल, इंग्रजी कागद सोडा, आपली बखर पाहा. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर या. मा. काळे यांनीं १९३६ सालीं संपादून प्रसिद्ध केली. पण ती लिहविली कोणीं? त्याच जेन्किन्सनें! भाषा मराठी म्हणून साक्ष निःपक्षपाती, असें समजणें भाबडेपणाचें होईल. घराण्याच्या जुन्या हकीकतीसाठीं बखर मोलाची आहे. अप्पासाहेबांच्या प्रकरणीं मात्र तिचा आश्रयदाता विसरून चालणार नाहीं.

मे १८१८ मध्यें अलाहाबादेकडे नेलें जात असतां अप्पासाहेब जबलपुरच्या वाटेवर पहारेकऱ्यांस फितवून निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनीं त्यांस आश्रय दिला. एप्रिल १८१९ मध्यें अशीरगड पडला. पण त्यांत राजा सांपडला नाहीं. पुढें पंजाब, आणि शेवटीं जोधपूर. तेथें महाराजा मानसिंगांनीं इंग्रजांची मागणी नाकारून शरणागतास स्वाधीन करण्याचें साफ नाकारलें. ही गोष्ट इंग्रजी दप्तरांतूनच कळते. जी गोष्ट लिहिणाऱ्यास गैरसोयीची असूनहि त्यानें नमूद केली, तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा. १८४० सालीं जोधपुरासच अप्पासाहेबांचा अंत झाला.

असेंच एक प्रकरण प्राचीन इंग्लंडांत घडलें आहे. नॉर्थंब्रियाचा परागंदा राजपुत्र एडविन हा रेडवॉल्ड राजाच्या आश्रयास गेला. शत्रूनें लांच व धमकी देऊन त्यास मागितलें. राणीनें पतीस मित्रद्रोहापासून परावृत्त केलें, आणि सुमारें ६१६ सालीं एडविन राजा झाला. हें सांगतो बीड नांवाचा धर्मगुरु, शंभराहून अधिक वर्षांनीं, ७३१ सालीं. तो स्वतः नॉर्थंब्रियाचा, आणि एडविन ख्रिस्ती झालेला. साहजिकच एडविनच्या वनवासांत त्याला ईश्वरी संकेत दिसला. एडविन परतला, म्हणून त्याचा वनवास पुण्यकथा झाला. अप्पासाहेब परतले नाहींत, म्हणून त्यांचा वनवास फरारी कैद्याची हकीकत झाली.

मग निकाल काय द्यावा? तह मोडून लढाई केली, हें कृतीनेंच सिद्ध आहे. गोंडांनीं व मानसिंगांनीं आश्रय दिला, हेंहि सिद्ध आहे. खून मात्र न्यायासनासमोर टिकेल अशा पुराव्यानें सिद्ध नाहीं. अप्पासाहेबांस देव्हाऱ्यांत बसविण्याची आपणांस गरज नाहीं. पण ज्याची स्वतःची बाजू दप्तरांत उरली नाहीं, त्याला केवळ विजेत्याच्या साक्षीवरून फांसावर चढविण्याचाहि अधिकार आपणांस नाहीं. पुढच्या वेळीं सीताबर्डीवरून जातांना टेकडीकडे पाहाल, तेव्हां एवढें आठवावें.