हरवलेला हर्मीस

लघुग्रहांच्या इतिहासात शोध लागल्याच्या तारखा ठळक छापल्या जातात. मला मात्र हरवल्याच्या तारखा अधिक बोलक्या वाटतात. कारण लघुग्रह दिसणे ही निम्मीच गोष्ट. तो पुन्हा कुठे दिसेल हे सांगता आले तरच तो सापडला असे म्हणायचे.

२८ ऑक्टोबर १९३७. जर्मनीतल्या हायडेलबर्ग वेधशाळेत कार्ल राइनमुथ यांना छायाचित्राच्या काचेवर एक लांब रेघ दिसली. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवली की तारे ठिपक्यासारखे उमटतात आणि लघुग्रह रेघ ओढतो. सुमारे चारशे लघुग्रह शोधलेल्या राइनमुथना अशा रेघा नव्या नव्हत्या. पण ही रेघ फारच लांब होती. म्हणजे वस्तू वेगाने सरकत होती, म्हणजेच जवळ होती. दोन दिवसांनी ती पृथ्वीपासून साधारण साडेसात लाख किलोमीटरवरून, चंद्राच्या जवळपास दुप्पट अंतरावरून, निघून गेली. जेमतेम पाच दिवसांचे वेध हाती लागले आणि मग काही नाही.

इथे सेरेसची आठवण होते. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोत पियाझ्झींना सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंतचे वेध त्यांनी घेतले, पुढे सेरेस सूर्याच्या उजेडात बुडाला. तेव्हा चोविशीतल्या गाऊसने तेवढ्याच वेधांवरून कक्षा मांडली आणि वर्ष सरता सरता त्याने सांगितलेल्या जागेच्या आसपास तो पुन्हा सापडला. सेरेसला एक्केचाळीस दिवस मिळाले होते. हर्मीसला पाच. इतक्या तोकड्या कमानीवरून आवर्तनकाळ नेमका निघत नाही. त्यातली किरकोळ चूक दर फेरीला साचत जाते आणि काही वर्षांत लघुग्रह कक्षेवर कुठेही असू शकतो. कक्षा पक्की झाल्याशिवाय नाव द्यायचे नाही, असा शिरस्ता. हर्मीससाठी तो मोडला गेला. नाव होते, क्रमांक नव्हता, पत्ताही नव्हता.

ही केवळ हौशी उत्सुकता नव्हे. लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तो पाडणारा दगड हर्मीसपेक्षा बराच लहान असावा, असा अंदाज आहे. एवढ्या जवळून गेलेली वस्तू पुन्हा केव्हा येणार हे ठाऊक नसणे, ही सहासष्ट वर्षे उघडी राहिलेली नोंद होती.

१५ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेतील ॲरिझोनात, लोवेल वेधशाळेच्या लघुग्रह शोधमोहिमेत, ब्रायन स्किफ यांना एक लघुग्रह दिसला. तोच हर्मीस, हे ठरले ते १९३७च्या वेधांशी सांधा जुळल्यावर. जुन्या दप्तरात बसणाऱ्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच: कुणी त्या काचा मोजून आकडे नीट लिहून ठेवले नसते, तर २००३चा दगड आणखी एक नवा दगड ठरला असता. आता त्याला क्रमांक मिळाला, ६९२३०. रडारने पाहिले तर तो एक नव्हताच. जवळजवळ सारख्या आकाराचे दोन दगड एकमेकांभोवती फिरत होते. आवर्तनकाळ दोन वर्षांहून किंचित अधिक.

कक्षा पक्की झाल्यावर ती मागेही चालवता येते. तशी चालवली तेव्हा कळले की २६ एप्रिल १९४२ रोजी हर्मीस १९३७पेक्षाही जवळून, सुमारे सव्वासहा लाख किलोमीटरवरून, गेला होता. कुणालाही दिसला नाही. त्याच महिन्याच्या ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे जपानी बॉम्ब पडले होते. त्या दिवसांत आपल्या पूर्व किनाऱ्यावरचे लोक आकाशाकडे पाहत होते, पण विमानांसाठी.