सुकी, तिची चित्रकर्ती आणि तिचा संपादक

श्रोतेहो, जयवंत दळवींचा 'ठणठणपाळ' आपल्यापैकी पुष्कळांना, निदान शिक्षक मंडळींना तरी, ठाऊक असेल. १९६४ साली निघालेल्या 'ललित' मासिकात या टोपणनावाने दळवी भल्याभल्या साहित्यिकांच्या टोप्या उडवीत. आता गंमत पाहा. ठणठणपाळ म्हटले की दळवींच्या शब्दांआधी डोळ्यांपुढे उभे राहते ते वसंत सरवट्यांनी काढलेले त्याचे चित्र! तिकडे दक्षिणेत आर. के. नारायण गोष्टी लिहीत आणि धाकटे बंधू लक्ष्मण त्यांना चित्रे काढून देत. लेखक आणि व्यंगचित्रकार यांची अशी मैत्री आपल्याकडे नवी नाही. मात्र या जोड्यांत चित्र काढणारा हात बहुधा पुरुषाचा असे. दिवाळी अंकांतल्या चित्रांत बाई असायची, नाही असे नाही. पण ती हातात लाटणे घेऊन दारात उभी, नाहीतर साडीच्या दुकानात नवऱ्याचा खिसा रिकामा करणारी. हसायचे ते तिला.

हा रिवाज मोडणाऱ्या एका बाईंची हकिकत आज सांगायची आहे. मंजुला पद्मनाभन हे त्यांचे नाव. जन्म दिल्लीचा, वडील परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बालपण स्वीडन, पाकिस्तान, थायलंड असे देशोदेशी गेले. कॉलेजचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनला झाले, आणि पुढे पोटासाठी लेखणी व कुंचला दोन्ही हाती धरावे लागले. १९७९ साली तारा अली बेग यांच्या एका बालपुस्तकाला त्यांनी चित्रे काढली. म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांना आपली रेषा देण्याचा सराव त्यांना होताच. आता हवी होती ती स्वतःच्या शब्दांना जागा.

ती जागा दिली विनोद मेहता यांनी. मेहता जन्माने रावळपिंडीचे, वाढले लखनौला, नाव काढले मुंबईत. मुळात हे लेखक. अभिनेत्री मीनाकुमारीचे चरित्र त्यांनी १९७२ सालीच लिहिले होते. १९८१ साली मुंबईत 'संडे ऑब्झर्व्हर' हे इंग्रजी साप्ताहिक वृत्तपत्र निघाले, त्याचे ते पहिले संपादक. दुसऱ्याच वर्षी त्यात पद्मनाभन यांची 'डबलटॉक' ही चित्रमालिका सुरू झाली. ओळीने मांडलेल्या चार-दोन चौकटी, आणि त्यांत सुकी नावाची एक तरुणी. सुकी एकटी राहणारी, डोक्यावर केसांचे जंगल, आणि तोंडाला खंड नाही. ती वाद घालते, कंटाळते, भलत्याच शंका काढते. ती कुणाची बायको म्हणून त्या चौकटीत आलेली नाही आणि कुणाची सून म्हणूनही नाही. रेडिओवरून चित्र दाखविण्याची सोय नाही, नाहीतर मी चार शब्द कमी बोललो असतो.

वाचकांना हे झेपले काय? पुष्कळांना नाही. यात हसण्यासारखे आहे तरी काय, अशी तक्रार करणारी पत्रे येऊ लागली. सवयीचा विनोद तिथे नव्हता. नवऱ्याची फजिती नव्हती, पुढाऱ्याची टोपी नव्हती. अशा वेळी एखाद्या संपादकाने मुकाट्याने ती जागा जाहिरातीला दिली असती. मेहतांनी तसे केले नाही. मालिका काही वर्षे चालली. पुढे मेहता दिल्लीला 'पायोनियर' या दैनिकाचे संपादक झाले, तेव्हा सुकीही तिथे गेली, आणि आता आठवड्याऐवजी रोज दिसू लागली. तमाशातल्या वगात सोंगाड्या मोकाट सुटतो तो समोरच्या सरदाराच्या भरवशावर. सरदार मध्येच बिथरला तर सोंगाड्याची जीभ अडखळते. या दोघांची दोस्ती मला तशी वाटते. एकाने दुसरीच्या ओळी दुरुस्त करीत बसणे म्हणजे सहकार्य नव्हे. नापसंतीच्या दिवसांत जागा राखून ठेवणे, हेही सहकार्याचेच काम आहे, आणि माझ्या मते ते अधिक अवघड.

सुकी छापून येऊ लागली त्याच वर्षी, १९८२ साली, सांताक्रूझला एक घटना घडली. मुंबई न पाहिलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो. पश्चिम रेल्वेवर खार आणि विलेपार्ले यांच्यामधले हे उपनगर. पूर्वेला वाकोला, कलिना, विद्यापीठाचा परिसर. पश्चिमेला जुहूकडे जाणारी वस्ती. इथल्या एका सोसायटीतल्या चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांना शेजारच्या आवारातून बाईच्या किंकाळ्या ऐकू येत. तिच्यावर अत्याचार होत होता. एक रात्र नव्हे, काही आठवडे हे चालले. लोक दिवे मालवून पाहत राहिले. मदतीला कुणी गेले नाही.

पद्मनाभन यांनी ही हकिकत प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावरून नाटकात मांडली. 'लाइट्स आउट' हे ते नाटक १९८६ साली रंगभूमीवर आले. पात्रे कल्पित, घटना खरी, असे त्यांनी नाटकासोबतच स्पष्ट केले आहे. भास्कर आणि लीला हे नवराबायको. लीला रोज म्हणते, पोलिसांना फोन करा. भास्कर म्हणतो, आपल्याला काय करायचे? मोहन नावाचा पाहुणा येतो, तो तर मुद्दाम पाहायलाच आलेला! मग चर्चा. हा धार्मिक विधी असेल काय, भूत काढत असतील काय, ती बाई कसल्या चालीची असेल. शेवटी एकजण चिडून उठतो, शस्त्रे कोणती न्यावीत यावर पुन्हा वाद होतो, आणि तेवढ्यात बाहेरचा आवाज थांबलेला असतो.

या नाटकात मला व्यंगचित्रकाराचा हात स्पष्ट दिसतो. एकच खोली म्हणजे एकच चौकट, आणि तिच्यात बोलणारी तोंडे. अत्याचार रंगमंचावर कुठेच नाही. तो चौकटीबाहेर आहे. आणि आणखी एक बाब, जी वाचताना सहज निसटते. फ्रीडा नावाची मोलकरीण प्रयोगभर स्वयंपाकघरात काम करताना दिसत राहते आणि एक अक्षर बोलत नाही. ती काय विचार करते हे तिला कुणी विचारीतही नाही. सुकीला अखंड बोलायला लावणाऱ्या चित्रकर्तीने फ्रीडाला गप्प ठेवले आहे. शाळेत हे नाटक वरच्या वर्गाला सांगायचे झाल्यास मी फ्रीडापासून सुरुवात करीन.

पुढे 'हार्वेस्ट' हे त्यांचे नाटक आले. गरिबीमुळे श्रीमंत परदेशी गिऱ्हाइकाला आपले अवयव विकणाऱ्या मुंबईतल्या एका कुटुंबाची ही कथा. १९९७ साली ग्रीसच्या ओनासिस प्रतिष्ठानचे पहिले पारितोषिक त्याला मिळाले, आणि २००१ साली गोविंद निहलानींनी त्यावर 'देहम्' चित्रपट काढला. तोवर नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले होते. त्याआधी लोक त्यांना ओळखत ते सुकीची आई म्हणून. २००५ साली 'डबलटॉक'मधली चित्रे पुस्तकरूपाने निघाली. मेहता तोपर्यंत 'आउटलुक' साप्ताहिकाचे संपादक झाले होते. २०१५ च्या मार्चमध्ये ते वारले. त्यांनी कुत्रा पाळला होता, त्याचे नाव 'एडिटर' ठेवले होते.