सेमी-इंग्रजी शिक्षण (नाशिक जिल्हा)
मराठी माध्यमाच्या शाळेत गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास, भूगोल आदी विषय मराठीतून शिकविण्याची पद्धत. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. इंग्रजी माध्यमाकडे वळणारी मुले थोपविण्यासाठी नाशिक शहरातील शाळांनाही ‘सेमी’च्या तुकड्यांचा आधार घ्यावा लागला. वर्गात कारभार दुभाषीच चालतो : फळ्यावर ‘पॅरलल लाइन्स’, समजावणे समांतर रेषांचे, शंका मराठीत आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत. परीक्षेत या मिश्रणाला मोल नसते, हे विचित्रच.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत प्रश्न वेगळा आहे. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. त्याच्या आश्रमशाळा मुख्यतः मराठी माध्यमाच्या असून, नामांकित इंग्रजी निवासी शाळांत प्रवेश देण्याची योजनाही हा विभाग राबवितो. तेथे जाणारे मूल दोन पायऱ्या एका दमात चढते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० गणित-विज्ञानासाठी द्विभाषिक पुस्तके सुचविते. त्यांत या बोलींना जागा मिळायला हवी.